मुंग्यांची वाट

आमच्या घरात मुंग्यांना कुणी भीत नसे. राहात्याच्या अलीकडे कॅनॉलच्या पाण्यावर आमचा ऊस, उसाला लागून गुऱ्हाळ आणि गुऱ्हाळाला लागून घर. थंडी पडली की चरक सुरू व्हायचा तो उन्हं तापेपर्यंत चालायचा. तयार गुळाच्या ढेपा घरातल्याच एका खोलीत रचून ठेवलेल्या असत. मग मुंग्यांना आणखी काय पाहिजे? त्या तांब्यात असत, अंथरुणात असत, घडी केलेल्या लुगड्यांतही असत. दिसली की फुंकर मारायची आणि कामाला लागायचं. मी नवी नवरी होते तेव्हा नाक मुरडत असे. माझे वडील शाळामास्तर, आमच्या माहेरी गूळ झाकणाच्या डब्यात असायचा. पण चार-सहा वर्षांत मीसुद्धा मुंगीसकट काकवी भाकरीवर ओतून खायला शिकले. सासूबाई म्हणायच्या, "मुंग्या हायेत तवर घरात बरकत हाय."

पुढे माझ्या जिवावर बेतलं तेव्हा पहिली वर्दी मुंग्यांनीच दिली होती. ती कुणाच्या ध्यानात आली नाही याचं कारण हेच. गुळाच्या घरात मुंगीकडे कोण बघतो?

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी शेहेचाळीस-सत्तेचाळीसची असेन. थोरली लेक सासरी पोटुशी होती, आणि त्याच सुमारास मला कावळा शिवायचा थांबला. हल्लीच्या मुलींना हे फोड करून सांगावं लागतं. पाळी आली की बाईनं पडवीच्या कोपऱ्यात बाजूला बसायचं आणि कुणी विचारलं तर 'कावळा शिवला' म्हणायचं, अशी तेव्हाची रीत. म्हणजे गोष्ट झाकलेली म्हणायची आणि घरच्या पोरासोरांपासून गुऱ्हाळावरच्या गड्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायची. बाई बाजूला बसली तरी कळे, न बसली तरी कळे. एक महिना मी कोपऱ्यात बसले नाही, दुसरा गेला, तिसराही गेला. तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं.

निरखण्यासारखं पुष्कळ होतं. माझं पोट पुढे आलं होतं, चोळ्या दंडांत रुतत होत्या आणि हातातल्या पाटल्या साबण लावूनही निघत नव्हत्या. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, घामानं पाठ भिजायची आणि क्षणात कापरं भरायचं. राग तर नाकाच्या शेंड्यावरच असे. तो तसा माझा जन्मापासूनच तिथे आहे, पण त्या दिवसांत मी खुद्द सासूबाईंना उलटं बोलले होते. इतकं असून त्या माझ्यावर रागावल्या नाहीत हेच मला खटकलं होतं.

"तुला दिस गेलेत, बाय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आत्याबाई, या वयात?"

"वयाचं काय घिऊन बसलीस? माझा धाकला मला चाळिशीच्या पुढंच झाला न्हवं का?"

मी हादरले. लाज तर वाटलीच. लेकीचे डोहाळे पुरवायचे की आपले, असा प्रश्न पडलेली आई म्हणजे गावाला फुकटची करमणूक. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. शेवटच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते, आणि त्यालाही दहा वर्षं उलटली होती. या वेळी आपण यातून उठत नाही, असं मी मनाशी धरूनच चालले.

सासूबाईंनी मात्र मला दोन जिवांची ठरवून टाकलं. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी काकवीत कुस्करलेली भाकरी, तिसऱ्या प्रहरी दाणे आणि गुळाचा खडा. मी नको म्हणत नव्हते, कारण भूक खरोखरच लागत होती. खाल्लं तरी लागत होती. तहान तर अशी की तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायचा, आणि मग पुन्हा पुन्हा न्हाणीकडे धावायचं. पाय गळून जात. सासूबाईंकडे या सगळ्याचं एकच उत्तर होतं, डोहाळे.

शेवटी त्यांनी गावच्या देवीला नवस बोलला. देवळाच्या पायरीवर उभं राहून, चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आई, माझी सून सुखरूप सुटू दे. तुझ्या दारात तिची गुळाची तुला करीन." एका पारड्यात माणूस बसवायचा, दुसऱ्यात त्याच्या भाराचा गूळ घालायचा आणि तो देवीच्या नावानं वाटून टाकायचा, अशी ती तुला. आमच्याकडे लहान मुलांची होत असे. माझ्याएवढ्या बाईची कुणी ऐकली नव्हती.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "आये, बोलताना इचार तरी करायचा. ही अशीच फुगत राह्यली तर सारं गुऱ्हाळ दुसऱ्या पारड्यात बसवावं लागंल."

सासूबाईंनी त्यांना हाकलून लावलं. मी हसले खरी, पण सासूबाई त्याच दिवसापासून माझ्या त्या वेळच्या अंगाचा अंदाज घेऊन चांगल्या पिवळ्या ढेपा बाजूला काढायला लागल्या, तशी मी त्या खोलीत जायचं टाळायला लागले. आपल्या भाराचा गूळ भिंतीशी रचला जाताना बघणं फार चमत्कारिक असतं.

महिने सरले तरी पोटात काही हललं नाही. मी लेकुरवाळी बाई, मला कळायला हवं होतं. मी हात ठेवून ठेवून बघे. सासूबाई आधी रोज विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. मूल आतच गेलं असेल, असं दोघींच्याही मनात होतं आणि दोघीही ते ओठांवर आणत नव्हतो. लाडू तेवढे चालू राहिले.

वैशाखात गुऱ्हाळ बंद झालं. रस आटवायच्या काहिली घासून उपड्या घातल्या, बहुतेक ढेपा गाडीत भरून बाजाराला गेल्या. घरच्यापुरत्या आणि नवसाच्या तेवढ्या खोलीत राहिल्या. एका सकाळी मी अंघोळीला म्हणून न्हाणीत गेले. दगडाच्या कडेला मुंग्यांचा काळा थर बसला होता. उठल्याबरोबर मी तिथेच लघवीला बसले होते. हंगामात गुळाची भांडी तिथेच विसळत असू, त्यामुळे मी कधी विचारच केला नव्हता. पण आता भांडी नव्हती. मी रांग कुठून येते ते बघत मागे मागे गेले. ती परसातल्या भिंतीच्या भेगेतून येत होती, आणि गुळाच्या खोलीच्या उंबऱ्यावरून, उघड्या दारासमोरून, न वळता सरळ न्हाणीकडे जात होती.

आत पिवळ्याधमक ढेपा होत्या आणि मुंग्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

मी तिथेच भिंतीला धरून खाली बसले, कारण ही रांग मी आधी पाहिलेली होती. माझी आई अशीच पन्नाशीच्या आत सुटत गेली होती. आम्ही तिला चिडवत असू की मास्तरणीला मास्तरांचा पगार मानवला. मग तिची तहान वाढली, मग तिच्या न्हाणीत मुंग्या आल्या. वैद्यांनी गोड लघवी म्हणून सांगितलं आणि काढे दिले. मग पायाच्या करंगळीला कसलीशी ठेच लागली. ती ठेच बरी झाली नाही. बोट काळं पडलं, मग पाऊलही काळं पडलं. शेवटी शेवटी वडील खोलीत ऊद जाळून ठेवत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसत. मी तिचा पाय धुवत असे. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि त्या सकाळी गुळाच्या खोलीच्या दाराशी बसल्या बसल्या तोच वास मला माझ्या पायाला यायला लागला.

मी सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, मला नगरला न्या." त्यांना वाटलं पोटातल्या मुलासाठी म्हणते. त्या उठल्या आणि त्यांनी लुगडं बदललं.

सर्व्हिस मोटारीनं आम्ही नगरला गेलो. वाटेत मला दोनदा मोटार थांबवावी लागली. बाभळीच्या आडोशाला सासूबाई पदर धरून उभ्या आणि मोटारीतले लोक खोकताहेत, असा तो प्रवास. बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला सरळ आणि हातानं हलक्या. त्यांनी पोट तपासलं, सगळं विचारलं आणि हात धूत म्हणाल्या, "पोटात मूल नाही. पाळी जायचं वय आहे, ती गेली."

"आवो, पर तिला दिस गेलेत," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, दिवस राहिलेले नाहीत. पाळीचे दिवस संपलेत. ही चरबी आहे."

सासूबाई पुन्हा माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. मी मात्र धीर करून मुंग्यांचं सांगितलं, आईचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी माझी लघवी मागवली, काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं, आणि तो पिवळा अगदी आमच्या पहिल्या प्रतीच्या गुळाचा होता. तिथे थांबेल असं मला वाटलं. पण तो केशरी झाला आणि शेवटी विटेसारखा तांबडा होऊन बसला.

जन्मभर गुळाची पारख केलेल्या सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लाल पडला. ह्यो न्हाई चालायचा."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, मला रडू आलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की पाळी जाताना अंग सुटतं, आणि अंग जितकं सुटेल तितकी साखर अंगात कमी जिरते. न जिरलेली साखर लघवीवाटे जाते. गूळ, साखर, भात, बटाटा बंद. भाकरी बेतानं, पालेभाजी पोटभर, ताक बिनसाखरेचं. रोज चालायचं, वजन उतरवायचं. एवढ्यानं भागलं तर ठीक, नाहीतर रोज सुई टोचून घ्यावी लागेल, आणि ती तुमच्या गावात मिळायची नाही. "आणि पायाला जपा," त्या म्हणाल्या. "वहाण घातल्याशिवाय फिरायचं नाही. हा आजार जात नाही, बाई. त्याला बांधून ठेवायचं."

येताना मोटारीत सासूबाई एकदाच बोलल्या. "मीच गं तुला चारला," असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते राहाता येईपर्यंत.

गुळाच्या घरात गूळ न खाणारी बाई म्हणजे काय, ते लिहून कळायचं नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोलायला तोंड उघडत नसे. मी दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे आणि बोटं लुगड्याला पुसायचे. चुकून चाटली जातील म्हणून. दिवाळीनंतर चरक सुरू झाला आणि रसाला उकळी आल्याचा वास घरभर पसरला, तेव्हा मी परसात जाऊन कच्ची मेथी चावत बसले आणि सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चालण्याची वेगळीच पंचाईत. बाईमाणूस नुसतं चालायला निघालं तर लोक वेड लागलं म्हणतील. म्हणून मी रिकामी कळशी कमरेवर घेऊन कॅनॉलपर्यंत जायचे, बुडवायचे आणि भरून यायचे. घरात पाण्याचा नुसता पूर आला. महिन्यातून एकदा नगरला जाऊन ती नळी दिव्यावर धरवायची. लाल, मग केशरी, मग पुन्हा लाल. मधल्या दिवसांत माझी परीक्षा घ्यायला मुंग्या होत्याच. रोज सकाळी मी न्हाणीचा दगड बघे आणि मगच तोंड धुवे. नसल्या तरी भीती जात नसे. कुठे कडेला एखादी असेल, उद्या बाकीच्यांना घेऊन येईल, असं वाटे.

एका गोष्टीला मात्र सासूबाई कबूल झाल्या नाहीत. ती म्हणजे वहाणा. "सासऱ्याच्या वाड-वडलांच्या अंगनात सून वहाना फटफटवत हिंडनार? मी जित्ती हाय अजून." मी वाद घातला नाही. बाकी सगळं ऐकणाऱ्या बाईचं एवढं आपण ऐकावं, असं मला वाटलं.

त्याच हंगामात एका दुपारी मी गुऱ्हाळावर भाकऱ्या पोचवून घरात आले. सासूबाई निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मागे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. सारवलेल्या जमिनीवर दारापासून माझ्यापर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते. चरकातून निघालेल्या चिपाडाचं टोक माझ्या टाचेत रुतून मोडलं होतं. मला काही कळलंच नव्हतं. दुखलं असतं तर मी इतकी भ्याले नसते.

"बस, बस. हलू नगंस," म्हणत सासूबाई धावल्या आणि गूळ-चुना कालवून घेऊन आल्या. काटा रुतला की आमच्याकडे तोच लावतात. त्यांचा हात माझ्या टाचेशी आला तशी मी ओरडले, "गूळ नको! आत्याबाई, गूळ नको!"

त्यांचा हात तिथेच थांबला. "लावायचा बी न्हाई?" त्यांनी विचारलं. लावल्यानं काही झालं असतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण मी लहान मुलीसारखी पाय पोटाशी धरून रडत होते आणि मला समोर आईचंच पाऊल दिसत होतं.

टोक काढायला आमचे हे मला राहात्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी जखमेत पूड भरली आणि रोज धुवायला सांगितलं. ते धुणं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. सुनेचा पाय सासूनं मांडीवर घ्यायचा, यानं मला कसंसंच होई. मी मागे ओढला की त्या चापट मारत. पाणी उकळून निववायच्या, जखम धुवायच्या, मग पाऊल उजेडाकडे धरून रंग बघायच्या. अगदी ढेप फोडून बघावी तसा. "काळं न्हाई," म्हणायच्या. मग खाली वाकून वास घ्यायच्या. आईच्या पायाचा वास मी त्यांना कधी सांगितला नव्हता. त्यांना कुणी सांगितलं असेल, की त्यांनाही कुणाचा पाय धुवावा लागला होता, ते मी कधी विचारलं नाही. जखम फार सावकाश भरली. भरली त्या दिवशी त्यांनी चांभाराला घरी बोलावून माझ्या पावलाचं माप द्यायला लावलं, आणि पुन्हा त्यावर अवाक्षर काढलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "सुटलीस. आता नवस फेडायचा."

देवीसमोरच्या लिंबाला आमचाच गुळाचा मोठा काटा बांधला. सगळ्या गावासमोर मी पारड्यात मांडी घालून बसले आणि शरमेनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या पारड्यात भिंतीशी रचून ठेवलेल्या त्या नवसाच्या ढेपा घालायला सुरुवात झाली. मधेच माझं पारडं वर गेलं. लोक हसले. ढेपा अजून उरल्या होत्या, आणि घातलेल्यांतलीही एक काढावी लागली. इतका भार माझ्या अंगावरून उतरला होता. मला आनंद व्हायला हवा होता. डोळे उघडले तर सासूबाई त्या उरलेल्या ढेपांकडे बघत होत्या.

"येवढी गेलीस व्हय गं तू?" त्या म्हणाल्या. अंगानं उतरलेलं माणूस म्हणजे जायला निघालेलं माणूस, एवढंच त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं.

गूळ फोडून वाटला. प्रसाद नाकारायचा नसतो, म्हणून मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी मला शोधून काढलं. माझ्या हातावर पाण्याचा तांब्या ठेवला, माझ्या वाट्याचा खडा देवीला दाखवला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. दात नव्हते, बराच वेळ चघळत होत्या.

त्यानंतर न्हाणीत पहिल्यांदा जायचा मान माझा राहिला नाही. मी उठायच्या आत सासूबाई जाऊन दगड बघून आलेल्या असत. चुलीपाशी येऊन म्हणत, "न्हाईत." बस, एवढंच. कधी काही न बोलता बसल्या तर मी समजे, आणि त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी अर्धीच पडे.

तुलेनंतर तिसऱ्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. उठवत नव्हतं, तरी सकाळी मी न्हाणीतून आले की मान वळवून विचारायच्या, "हायेत?" मी नाहीत म्हणे, आणि त्या डोळे मिटत. शेवटच्या दिवशी आवाज उरला नव्हता. त्यांनी नुसत्या भुवया उचलून विचारलं.

त्या सकाळी मुंग्या होत्या. परसातल्या भेगेपासून दगडापर्यंत, गुळाच्या खोलीसमोरून, न वळता.

"नाहीत, आत्याबाई," मी म्हणाले. "एकसुद्धा नाही."